नेट कुठे अडतं? छोट्या कार्यालयातल्या संथ नेटवर्कचा शोध

जुलैचा शेवटचा आठवडा. खरिपाच्या पीकविम्याची मुदत साधारणपणे ३१ तारखेला संपते. शहागड, वडीगोद्री, रोहिलागड, सुखापुरी अशा गावांतून शेतकरी जालना जिल्ह्यातल्या अंबडला येतात आणि सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक घेऊन सेवा केंद्राच्या दारात उभे राहतात. आत संगणकाच्या पडद्यावर गोल चक्र फिरत असतं. थोड्या वेळानं उत्तर मिळतं, ‘काका, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ उद्या येणं म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडणं, पुन्हा गाडीभाडं, पुन्हा रांग. जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरण्याच्या २० तारखेला करसल्लागाराकडे, किंवा मोसंबी-कापसाच्या हंगामात व्यापाऱ्याच्या गादीवर, कारण वेगळं असलं तरी खोळंबा हाच असतो.

अशा वेळी दोष कुणाचा, हे बहुतेक वेळा अंदाजानं ठरतं. कुणी सरकारी सर्व्हरला नावं ठेवतं, कुणी इंटरनेट देणाऱ्या कंपनीला. मग जास्त पैशांचा प्लॅन घेतला जातो, नवा राउटर येतो, आणि महिन्याभरात तक्रार पुन्हा पहिल्या जागी येते. सर्व्हर आणि कंपनी दोघंही कधी कधी खरोखर दोषी असतात. पण दोष टेबलाखाली, कपाटामागे, त्याच खोलीत असण्याचाही संभव मोठा असतो. तो शोधायला महागडं यंत्र लागत नाही. क्रम लागतो, थोडं मोजमाप लागतं आणि एक वही लागते.

देशानं इंटरनेटच्या तारेवर मोठा खर्च केला आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारनं २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचं नाव ‘भारतनेट’ झालं. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. म्हणजे शेकडो किलोमीटरची तार टाकण्याचं आणि सेवा ऑनलाइन आणण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं. शेवटचे तीस मीटर मात्र कार्यालयाच्या मालकाचे असतात. हा लेख त्या तीस मीटरांविषयी आहे.

आधी तक्रार नीट ऐका

‘नेट स्लो आहे’ या एका वाक्यात अनेक वेगवेगळे आजार दडलेले असतात. म्हणून कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी चार प्रश्न विचारावेत. एकाच संगणकावर त्रास आहे की सगळ्यांवर? एकच संकेतस्थळ हळू चालतं की सगळीच? दिवसभर होतं की ठरावीक वेळी? आणि कालपर्यंत नीट असेल, तर मधल्या काळात काय बदललं?

शेवटचा प्रश्न फार मोलाचा. नवा सीसीटीव्ही बसवला, फर्निचर हलवलं, रंगकाम झालं, वायफायला कुणी नवा मोबाईल जोडला, विजेचा बोर्ड बदलला, अशा साध्या घटनांमध्ये उत्तर सापडतं. त्रास एकाच संगणकावर असेल तर इंटरनेट कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. सगळ्यांवर असेल तर एकेक संगणक फॉरमॅट करण्यात अर्थ नाही. तपास निम्मा इथेच होतो.

रुंदी, वेळ आणि गळती

नेटवर्कचा संथपणा तीन वेगळ्या गोष्टींमुळे जाणवतो आणि त्या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली गोष्ट बँडविड्थ, म्हणजे एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते. दुसरी लेटन्सी, म्हणजे एक छोटा संदेश जाऊन त्याचं उत्तर परत यायला लागणारा वेळ. तिसरी पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणाऱ्या तुकड्यांचं प्रमाण. अंबड-जालना रस्त्याच्या मार्गिका दुप्पट केल्या तर एका तासात जास्त गाड्या जातील. पण रिकाम्या रस्त्यावरून जाणाऱ्या एकट्या गाडीला जालना गाठायला पूर्वीइतकाच वेळ लागेल. प्लॅन ५० एमबीपीएसवरून २०० वर नेला की रुंदी वाढते. उत्तर यायला लागणारा वेळ त्यानं आपोआप कमी होत नाही आणि गळती तर थांबतच नाही.

इथे मोजमापाची एक गफलत नेहमी होते. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये आणि संगणक फाईलचा आकार दाखवतो तो मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतील. डाउनलोडमध्ये अकराचा आकडा दिसला तर कंपनीनं फसवलं असं समजू नये. जोडणी पूर्ण क्षमतेनं चालू आहे.

गळती किती घातक ठरते याचा धडा इंटरनेटनं लहानपणीच घेतला. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातली जोडणी अचानक कोलमडली. अंतर जेमतेम ४०० यार्ड. सेकंदाला ३२ हजार बिटचा वेग थेट ४० बिटवर आला. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञानं कारण शोधलं. पॅकेट हरवलं की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवत होता, त्यानं गर्दी आणखी वाढत होती आणि आणखी पॅकेट हरवत होती. त्यावर जेकबसननं जी पद्धत सुचवली, तिचा गाभा आजही कायम आहे: पॅकेट हरवताना दिसलं की पाठवणाऱ्यानं वेग कमी करायचा आणि मग हळूहळू वाढवायचा. म्हणूनच शंभरात दोन-चार पॅकेट हरवली तरी नुकसान दोन-चार टक्क्यांवर थांबत नाही. वेग निम्म्याहूनही खाली येऊ शकतो, कारण दोन्ही टोकांचे संगणक ‘पुढे गर्दी आहे’ असं समजून स्वतःहून हात आखडता घेतात. एखादी ढिली पिन सगळी जोडणी संथ करते, ती अशी.

वाट अर्ध्यात कापा

आता प्रत्यक्ष शोध. संगणकापासून सरकारी पोर्टलपर्यंतची वाट लांब आहे: संगणक, वायर, स्विच, राउटर, कंपनीची फायबर, मुंबई-पुण्याकडची यंत्रणा आणि शेवटी पोर्टलचा सर्व्हर. ही वाट टप्प्याटप्प्यानं तपासायची आणि प्रत्येक टप्प्याला निम्मी शक्यता बाद करायची.

यासाठी लागणारं साधन प्रत्येक संगणकात आधीपासून असतं. त्याचं नाव पिंग. अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिलं. पाणबुडीचा सोनार आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. पिंगसुद्धा एक छोटा संदेश सोडतो आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते सांगतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी आयपीकॉन्फिग चालवा. त्यात ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून जो पत्ता दिसतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा तसाच काही, तो आपल्या राउटरचा पत्ता.

पहिली चाचणी: राउटरला पिंग करा. चार संदेशांवर थांबू नका, निदान शंभर जाऊ द्या. संगणक वायरनं जोडलेला असेल तर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळात यायला हवं आणि एकही पॅकेट हरवता कामा नये. वायफायवर दोन ते दहा मिलिसेकंद चालतील. इथेच आकडे शंभर-दोनशेवर जात असतील किंवा पॅकेट हरवत असतील तर दोष खोलीच्या आतच आहे.

दुसरी चाचणी: बाहेरच्या पक्क्या पत्त्याला पिंग करा, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. अंबड ते मुंबई चारशे किलोमीटर धरलं, तर जाण्यायेण्याला प्रकाशाला चारच मिलिसेकंद लागतात. वाटेतल्या यंत्रणा आणि फायबरचे वळसे धरून दहा ते चाळीस मिलिसेकंदांचं उत्तर ठीक समजावं. राउटरपर्यंत सगळं चोख आणि इथे मात्र गळती, असं असेल तर दोष दाराबाहेर आहे.

तिसरी चाचणी: आकड्यांऐवजी नावाला पिंग करा. ८.८.८.८ लगेच उत्तर देतो, पण संकेतस्थळाचं नाव टाकल्यावर संगणक आधी काही सेकंद विचार करत बसतो, असं दिसलं तर डीएनएसची अडचण आहे. नावावरून पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली. एक पान उघडताना अशा पाच-पन्नास नावांची चौकशी होऊ शकते. ती हळू असेल तर प्लॅन कितीही मोठा असो, पान हळूच उघडतं. राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ठेवणं हा पाच मिनिटांचा, बिनखर्चाचा उपाय आहे.

एक सावधगिरी हवी. अनेक सरकारी आणि बँकांची संकेतस्थळं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. तिथून उत्तर आलं नाही, एवढ्यावरून ती बंद आहेत असा निष्कर्ष काढू नये.

टेबलाखालची तार

राउटरपर्यंतच गळती दिसली तर संशय आधी तारेवर घ्यावा. नेटवर्कच्या केबलमध्ये पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात. १९९९ मध्ये आलेल्या तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिट इथरनेटला मात्र चारही लागतात. त्यामुळे एखादी निळी किंवा तपकिरी तार तुटली तर जोडणी बंद पडेलच असं नाही. पुष्कळदा ती गुपचूप हजारवरून शंभरावर घसरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या ‘स्टेटस’मध्ये वेग दिसतो. तिथे १.० जीबीपीएसच्या जागी १०० एमबीपीएस किंवा थेट १० दिसत असेल, तर केबल, सॉकेट आणि स्विचचं पोर्ट या तिघांतला एक दोषी आहे. स्विचच जुना, १०० एमबीपीएसचा असेल तर गोष्ट वेगळी.

टोकाला प्लग दाबताना रंगांचा क्रम पाळावा लागतो. प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना कुठलाही सारखाच क्रम दिला की झालं, असं काही जण समजतात. स्वस्तातल्या टेस्टरचे आठही दिवे तेव्हा हिरवे लागतात, कारण तारा टोकाला टोक जुळलेल्या असतात. पण जोड्या विस्कटलेल्या असतात. एका जोडीतल्या दोन तारांमध्ये उलट दिशेचे सिग्नल धावतात आणि पिळामुळे बाहेरचा गोंगाट एकमेकांत मिटतो. हिरव्या जोडीतली एक आणि निळ्या जोडीतली एक अशी मोट बांधली तर हा बचाव संपतो, वेग वाढताच पॅकेट गळू लागतात.

बाजारात केबल घेतानाही पाहून घ्यावं. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ती ठिसूळ असते, तिचा विद्युतरोध जास्त असतो. पूर्ण तांब्याची कॅट ६ किंवा निदान कॅट ५ई मागून घ्यावी. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर. छोट्या कार्यालयात ती ओलांडली जात नाही, पण मध्ये जोड देऊन वायर पुढच्या दुकानाच्या गाळ्यात नेली असेल तर विचार करावा. विजेच्या वायरच्याच पाइपातून नेटची केबल ओढू नये. खुर्चीच्या चाकाखाली चिरडलेली, दारात दबलेली किंवा उंदरानं कुरतडलेली तार बदलून टाकावी. संशय आल्यास सोपी परीक्षा अशी: चांगल्या चालणाऱ्या संगणकाची केबल संशयित संगणकाला लावून पाहा. केबल बदलताच त्रास गेला की उत्तर मिळालं.

स्विचमधला वेढा आणि दुसरा राउटर

कार्यालयाचं सगळंच नेटवर्क क्षणात ठप्प होऊन स्विचचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकू लागले, तर आधी पाहावं की एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये तर घुसलेली नाहीत? साफसफाईनंतर ‘ही लोंबकळणारी वायर इथलीच असेल’ म्हणून कुणीतरी ती लावून देतं. स्विच काही संदेश सगळ्या पोर्टांवर पाठवतो. वेढा तयार झाला की असा संदेश गोल फिरत राहतो, प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतात आणि काही सेकंदांत खऱ्या कामाला जागाच उरत नाही. रेडिया पर्लमन या अभियंतीनं १९८५ मध्ये ‘स्पॅनिंग ट्री’ नावाची पद्धत शोधून या वेढ्यावर उपाय दिला. ती मोठ्या, महाग स्विचमध्ये असते. आठ पोर्टांच्या साध्या स्विचमध्ये बहुधा नसते. तिथे एकेक केबल काढून पाहणं हाच मार्ग.

दुसरा नेहमीचा घोटाळा म्हणजे वायफाय पोचत नाही म्हणून घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडणं. मग कार्यालयात पत्ते वाटणारे दोन होतात. काही संगणकांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते मिळतात, काहींना १९२.१६८.० ने. प्रिंटर कुणाला सापडतो, कुणाला नाही. इंटरनेट कधी चालतं, कधी नाही. आयपीकॉन्फिगमध्ये दोन संगणकांचे गेटवे वेगळे दिसले की हा प्रकार ओळखावा. उपाय म्हणजे जुन्या राउटरमधली पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद करून त्याला नुसतं ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरणं.

हवेतली गर्दी

वायफाय सोयीचं आहे, पण ते सगळ्यांत वाटून घ्यावं लागतं. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांना थांबावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तेरा चॅनेल दिसत असले तरी ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न छेडणारे तीनच निवडता येतात: १, ६ आणि ११. बाजारपेठेतल्या एका इमारतीत दहा गाळे आणि प्रत्येक गाळ्यात एक राउटर असेल, तर तीन चॅनेलवर दहा जणांची दाटी होते. आपला राउटर ‘ऑटो’वर सोडण्यापेक्षा मोबाईलवरच्या एखाद्या वायफाय ॲनालायझर ॲपनं कुठला चॅनेल रिकामा आहे ते पाहून घ्यावं. जवळच्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झ द्यावा. तिथे जागा जास्त आहे. मात्र भिंत ओलांडताना तो लवकर क्षीण होतो.

आणखी एक बाब फारशी कुणाला ठाऊक नसते. कोपऱ्यातला, कमजोर सिग्नल असलेला एक मोबाईल सगळ्यांना मागे खेचतो. सिग्नल क्षीण असला की तो हळू वेगानं बोलतो, त्याच संदेशाला जास्त वेळ घेतो आणि तेवढा वेळ बाकीचे खोळंबतात. म्हणून राउटर लोखंडी कपाटामागे किंवा फॉल्स सीलिंगवर लपवू नये, खोलीच्या मध्यावर उंच ठेवावा. जे संगणक जागचे हलत नाहीत त्यांना वायरच द्यावी. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कार्यालयाचा पासवर्ड देऊ नये. पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क जवळपास प्रत्येक राउटरमध्ये करता येतं.

वर जाणारी वाहतूक

स्पीड टेस्टमध्ये लोक डाउनलोडचा आकडा पाहतात. कार्यालयाचा गळा मात्र पुष्कळदा अपलोडला आवळला जातो. सीसीटीव्हीचं चित्रण मालकाच्या मोबाईलवर सतत जातं. चार-पाच मोबाईल वायफाय मिळताच दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवू लागतात. विंडोजची ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ सेवा उतरवलेले अपडेट दुसऱ्या संगणकांना पुरवण्यासाठी वर पाठवू शकते. अपलोडची क्षमता भरली की राउटर पॅकेटांची लांबलचक रांग लावतो आणि विवरणपत्र भरणाऱ्या संगणकाची छोटीशी विनंती त्या रांगेच्या शेवटी उभी राहते. उतरण्याची वाट मोकळी असूनही पान उघडत नाही, कारण पान मागणारा संदेशच वर पोचलेला नसतो. रांग अवाजवी लांब होण्याच्या या दोषाकडे जिम गेटिस या अभियंत्यानं २०१० च्या सुमारास जगाचं लक्ष वेधलं. त्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात.

तपासणी सोपी आहे. ८.८.८.८ ला सतत पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या संगणकावरून मोठी फाईल क्लाउडवर चढवा. आकडा वीस मिलिसेकंदांवरून पाचशे-आठशेवर उडाला तर हाच आजार. सीसीटीव्हीच्या दूरच्या चित्रणाचा दर्जा कमी करा, क्लाउड बॅकअप रात्री ठेवा आणि राउटरमध्ये वाहतुकीला क्रम लावणारी ‘क्यूओएस’ सोय असेल तर अपलोडला प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा थोडी कमी मर्यादा घाला. कुठला प्रोग्राम नेट खातो आहे हे विंडोजच्या ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये नावानिशी दिसतं.

इंटरनेटचा संबंधच नसलेला संथपणा

‘टॅली उघडायला दोन मिनिटं लागतात, नेट वाढवा’, ही तक्रार व्यापारी पेढीत आणि करसल्लागाराच्या कार्यालयात सर्रास ऐकू येते. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामच्या माहितीचं फोल्डर एका संगणकावर असतं आणि बाकीचे ते शेअर करून वापरतात. या कामाला इंटरनेट लागतच नाही. इथे महत्त्व आहे ते आतल्या नेटवर्कच्या लेटन्सीला आणि त्या मुख्य संगणकाच्या डिस्कला.

शेअर फोल्डरवर चालणारे असे प्रोग्राम हजारो बारीक विनंत्या एकामागून एक करू शकतात. एखाद्या अहवालासाठी दोन हजार विनंत्या झाल्या असं धरू. वायरवर प्रत्येकीला अर्धा मिलिसेकंद लागला तर अहवाल एका सेकंदात येतो. वायफायवर प्रत्येकीला पाच मिलिसेकंद लागले तर दहा सेकंद. बँडविड्थ दोन्हीकडे भरपूर पडून असते. शिवाय वायफाय मध्येच तुटलं तर हिशेबाची फाईल बिघडण्याचा धोका वेगळाच. टॅलीच्या संगणकांना वायर द्यावी, हा नियमच समजावा.

दुसरी परीक्षा: शेअर फोल्डरमधून एक-दोन जीबीची फाईल आपल्या संगणकावर कॉपी करा. गिगाबिट तारेवर सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास वेग मिळायला हवा, शंभर एमबीपीएसच्या तारेवर अकरा. वेग ठीक असूनही टॅली रेंगाळत असेल तर मुख्य संगणकावर टास्क मॅनेजर उघडा. ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के दिसत असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क दमली आहे. फिरत्या डिस्कला प्रत्येक विखुरलेल्या तुकड्यासाठी सुई हलवावी लागते. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो. एक एसएसडी बसवल्यानं जो फरक पडतो, तो वर्षभराचा मोठा प्लॅन घेऊन पडत नाही.

मराठवाड्याचं ऊन आणि वीज

पाठ्यपुस्तकांत फारशी न सापडणारी कारणं आपल्याकडे रोजची आहेत. एप्रिल-मेमध्ये जालना जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद लाकडी पेटीत, त्यातही तापलेल्या यूपीएसवर ठेवलेला राउटर त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि दुपारी अडखळू लागतो. ‘दुपारी नेट जातं, संध्याकाळी येतं’ या तक्रारीत आधी राउटरला हात लावून पाहावा. पेटीला जाळी आणि महिन्यातून एकदा धूळ झटकणं एवढ्यावर पुष्कळ काम भागतं.

वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर चालू राहतात, पण स्विच आणि फायबरची पेटी साध्या बोर्डवर असते. दोन सेकंदांचा झटका आला तरी ती पुन्हा सुरू होऊन जोडणी जमवायला दोन-तीन मिनिटं घेते आणि अर्धा भरलेला फॉर्म हातचा जातो. ही दोन्ही यंत्रं आधी यूपीएसवर न्यावीत. त्यांना वीज फार थोडी लागते. वळवाच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा दोन इमारतींना जोडणारी तांब्याची केबल विजेचा धक्का थेट आत आणते. तिथे फायबर वापरावी, आणि इमारतीचं अर्थिंग वर्षातून एकदा तपासून घ्यावं.

दाराबाहेर

आत सगळं चोख निघालं तर मग कंपनीकडे वळावं. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाश पोचतच नाही, तार तुटली आहे. दिवा ठीक असूनही वेग अडखळत असेल तर पेटीच्या सेटिंगमध्ये ‘आरएक्स पॉवर’चा आकडा पाहा. तो साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असावा. उणे २७ च्या खाली घसरला तर प्रकाश क्षीण झाला आहे: कुठेतरी जोड खराब, टोकाला धूळ, किंवा तंतू खिळ्याभोवती घट्ट वाकवलेला. काचेच्या तंतूला तीव्र वळण सोसत नाही, प्रकाश बाहेर निसटतो.

घरोघरच्या फायबरसाठी भारतात सर्रास जी जीपॉन पद्धत वापरतात, तिच्यात एका तंतूची सुमारे अडीच गिगाबिटची उतरती क्षमता ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटलेली असू शकते. संध्याकाळी सगळी घरं व्हिडिओ पाहू लागली की वेग कमी होण्यामागे हेही कारण असतं. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच न सांगता तारीख, वेळ, वायरनं घेतलेले पिंगचे आकडे, गळतीची टक्केवारी आणि आरएक्स पॉवर सांगावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. पुरावा समोर असला की ‘राउटर बंद करून चालू करा’ या पायरीवर बोलणं अडत नाही.

आणि कधी कधी दोष खरोखर पोर्टलचाच असतो. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, तेव्हा राज्यभरातून अर्जांची रीघ लागली आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा दिवशी एकच परीक्षा पुरते: तेच पोर्टल मोबाईलच्या डेटावर उघडून पाहा. तिथेही हळू, आणि बाकीची संकेतस्थळं मात्र दोन्हीकडे झटपट उघडत असतील, तर आपल्या वायरी उपसू नका. पहाटे किंवा रात्री उशिरा काम करा, अर्ज मुदतीच्या आधीच्या आठवड्यांत उरकायचा आग्रह धरा. मोबाईलवर झटपट आणि कार्यालयात संथ असेल तर मात्र पुन्हा पहिल्या चाचणीपासून सुरुवात करा. मुदतीच्या दिवसांसाठी दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड असलेला हॉटस्पॉट तयार ठेवणं शहाणपणाचं.

चांगल्या दिवसाची नोंद

संथपणा ओळखायला चांगला वेग किती होता हे ठाऊक असावं लागतं. म्हणून सगळं सुरळीत असताना एकदा बसावं. कुठली केबल कुठून कुठे जाते त्याचा कागदावर नकाशा काढावा, दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवावेत, राउटर आणि ८.८.८.८ चे पिंगचे आकडे, शेअर फोल्डरचा वेग, स्पीड टेस्टचे दोन्ही आकडे आणि आरएक्स पॉवर वहीत तारखेसह लिहावी. दर तीन महिन्यांनी हेच पुन्हा करावं. त्रास होईल तेव्हा एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुधारलं, तर कशानं सुधारलं हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी सगळा शोध मुळापासून करावा लागतो.

या कामाला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. सेवा केंद्रात टायपिंग करणारी मुलगी किंवा पेढीवरचा मुनीम हे एका दुपारी शिकू शकतो. तालुक्याच्या गावात नेटवर्कचा जाणकार बोलावल्यावर लगेच येईलच असं नाही, त्यामुळे हे ज्ञान कार्यालयातल्याच कुणाकडे तरी असणं जास्त गरजेचं आहे. सरकारी सेवा, बँक, विमा, कर, जमिनीचे कागद, सगळं आता या तारेवरून येतं. ती तार सांभाळणं हे गल्लापेटी सांभाळण्याइतकंच कार्यालयाचं कर्तव्य आहे, आणि त्याची सुरुवात प्लॅन बदलण्याआधी राउटरला शंभर पिंग मारून आकडे लिहून ठेवण्यानं करावी.